यादीबाहेरचा कट

३ मार्च, सोमवार

तिसऱ्या देशाच्या सेन्सॉर मंडळाची यादी आली. अकरा कट. पहिल्याच कलमात अकलेचे तारे तोडलेत : ‘४१ मिनिटे १२ सेकंद येथील आक्षेपार्ह वस्तू काढावी.’ कुठली वस्तू? त्या क्षणाला पडद्यावर एक टेबल आहे. त्यावर कंगवा, पाण्याचा जग, अर्धवट विणलेला स्वेटर, टाचण्यांची डबी. मागे भिंतीवर कॅलेंडर. यातलं आक्षेपार्ह काय? मंडळातला माणूस वेळ कुठून धरतो हेही कोणी लिहीत नाही. पहिल्या चित्रापासून, की त्याआधीच्या आठ सेकंदांच्या उलट्या आकड्यांपासून? आठ सेकंद मागे जाऊन पाहिलं, तर नुसतं बंद दार. तिथे तर कंगवासुद्धा नाही.

निर्मात्याला फोन केला. तो म्हणाला, “तुम्हीच ठरवा हो, तुम्हाला सवय आहे.”

सवय आहे खरी. सत्तावीस वर्षं मी हेच करतोय. एका देशात सिगारेट चालते, पेला चालत नाही. दुसऱ्यात रक्त चालतं, पण फार लाल नको. आणखी एकीकडे नवराबायको एका खोलीत चालतात, दार मात्र उघडं हवं. सिनेमा एकच, पण देशागणिक वेगळा. त्या वेगवेगळ्या प्रती मी बनवतो. नववीत शाळा सोडली, प्रोजेक्टरच्या खोलीत रिळं उचलता उचलता शिकलो, कोणाच्या पायाशी बसलो नाही. आणि छातीवर हात ठेवून सांगतो, कापल्यावर जोडलेला माझा सांधा आजवर कोणाला दिसलेला नाही. प्रेक्षकाला वाटतं, सिनेमा मुळातच असा होता.

हा सिनेमा भाचीचा आहे, ताईच्या मुलीचा. तिचा पहिलाच. मूळ संकलन तिने एका पदवीधराकडून करून घेतलं, मामा डोळ्यांसमोर असताना. असो. परदेशी प्रती मात्र निर्मात्याने माझ्याकडे दिल्या. तेव्हा ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, “मामा, तुला चालेल ना?” मी म्हटलं, “न चालायला काय झालं? तीन आठवड्यांत तीन प्रती.” ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. माझ्या वेगावर विश्वास बसला नसावा.

५ मार्च, बुधवार

पहिल्या दोन देशांच्या प्रती रवाना. एकीकडे धूर होता, चौदा ठिकाणी. दुसरीकडे एक शिवी आणि एक उघडा खांदा. किरकोळ काम.

तिसऱ्या देशाचं प्रकरण वेगळं आहे. ताई तिथे राहते, दुसऱ्या लग्नानंतर झालेल्या मुलाकडे. कानाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला दोन वर्षं विमान बंद केलंय, म्हणजे इथे येऊन मूळ सिनेमा बघणं नाही. मूळ प्रत तिकडे पाठवावी, तर बिनमंजुरीची प्रत बाळगणं हा तिथे गुन्हा. मुलाची नोकरी जायची. तेव्हा मी जी प्रत बनवीन तीच तिला दिसणार. सिनेमा तिच्याच आयुष्यावर आहे म्हणे. नवरा हात उचलतो, बाई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन घर सोडते, शिवणकामावर स्वतःच्या पायांवर उभी राहते. ‘म्हणे’ अशासाठी लिहिलं, की सिनेमात निम्मं पदरचं असतं.

६ मार्च, गुरुवार

यादी पुन्हा वाचली. थप्पड काढा. पिशवी भरणं काढा. ‘मी परत येणार नाही’ हे वाक्य काढा. पहाटेच्या बसमध्ये बाई हसते, ते हसू काढा. घर सोडणाऱ्या बाईने हसू नये असं मंडळाचं म्हणणं. बसचा अख्खा प्रसंग त्या हसण्याचाच आहे, म्हणजे बसही गेली. नवव्या कलमात नवऱ्याच्या बनियनला पडलेलं भोक. त्याने पुरुषाची बेअब्रू होते! भोक मी संगणकावर एकेक चौकट घेऊन बुजवलं. दोनशे अठ्ठ्याऐंशी चौकटी. रफूवाल्याने येऊन पाया पडावं असं झालंय, पण बघणार कोण?

टेबलावरच्या वस्तूबद्दल विचारणा केली होती. उत्तर आलं : ‘संबंधित वस्तू.’ धन्य आहे.

१० मार्च, सोमवार

भाची आली आणि बसायच्या आधीच सुरू झाली.

“मामा, जिथे कापशील तिथे काळं ठेव. थप्पड चार सेकंदांची होती ना? चार सेकंद काळोख.”

मी मंडळाचा नियम तिच्यापुढे सरकवला. काळी चौकट, पाटी, सूचना, काही म्हणता काही घालायचं नाही.

“मग सांधा कच्चा ठेव. आवाज मध्येच तुटू दे, चित्र उडू दे. लोकांना कळू दे की इथून काहीतरी नेलंय.”

“माझ्या हातचा सांधा, आणि कच्चा?”

“एकदाच.”

“आचाऱ्याला सांगशील का, एकदाच खारट कर म्हणून?”

“मामा, हात कापला तर रक्त येतं. तू असा कापतोस, की माणसाला हात नव्हताच कधी असं वाटतं.”

“ही तारीफ समजू का?”

“समज,” म्हणाली आणि पर्स उचलून गेली. चहा तसाच राहिला. हा सगळा पदवीधराच्या संगतीचा परिणाम.

११ मार्च, मंगळवार

आज दाराचा प्रसंग नीट पाहिला. आजवर त्याची नुसती लांबी मोजली होती.

घर सोडून ती बाई मुलीला घेऊन भावाकडे येते. संध्याकाळ. गाल सुजलेला. भाऊ साखळी न काढता दार उघडतो आणि फटीतून म्हणतो, ‘आज राहा. सकाळी मी स्वतः पोचवतो.’ मग साखळी काढून दोघींना आत घेतो. दुसऱ्या दिवशी त्याला जाग यायच्या आत ती मुलीला घेऊन निघून गेलेली असते.

चुका किती सांगाव्यात! आमच्या दाराला साखळी कधीच नव्हती, कडी होती. नटाचं पोट सुटलंय. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, काडीसारखा. ‘स्वतः’ हा शब्द मी उच्चारलेला नाही. भिंतीवरचं घड्याळ सहा दहा दाखवतं. ताई आली तेव्हा सात वाजून गेले होते, मी नुकताच तिनाच्या खेळावरून परतलो होतो. भाची तेव्हा एवढीशी. तिला काय आठवणार?

पदवीधराला फोन लावला. म्हटलं, एवढासा प्रसंग, तो एक मिनिट बावन्न सेकंद का ताणलात? म्हणतो, “काका, दार उघडेपर्यंतचा वेळ बघणाऱ्याला सोसावा लागला पाहिजे.” सोसावा म्हणे! मी सोसलं ते पुरे नाही का?

प्रसंग ढिला आहे. अगदी ढिला. मंडळाला मात्र त्यात काहीही वावगं सापडलेलं नाही. त्या भावाबद्दल त्यांची तक्रार नाही.

१३ मार्च, गुरुवार

काम फत्ते. नीट लिहून ठेवतो, कारण पुढे कोणी विचारलं तर कारण हाताशी असावं.

थप्पड मंडळाने काढली. मग दारात उभ्या असलेल्या बाईचा गाल सुजला कसा? बघणारा विचारणारच. सांधा पक्का हवा तर सुजलेला गाल गेला पाहिजे, आणि गाल तर त्या प्रसंगाच्या जवळपास प्रत्येक चौकटीत आहे. तेव्हा दाराचा प्रसंग मुळापासून काढला. दुसरा इलाज नव्हता. हा बारावा कट यादीत नाही, पण यादीनेच तो करायला लावला.

आता बाई नवऱ्याला वाढते, रेडिओ चालू असतो, आणि पुढच्या क्षणाला ती दुसऱ्या गावी शिवणयंत्रावर बसलेली दिसते. रेडिओचा आवाज थोडा पुढे ओढला, यंत्राची घरघर त्याच्याखाली हळूच आणून बसवली. लोण्यातून सुरी फिरावी तसं झालं. तिने घर सोडलं की नवऱ्यानेच कामाला पाठवलं, हा प्रश्न कोणाच्या मनात येतच नाही. गेल्या पाच वर्षांतलं माझं सगळ्यांत सफाईचं काम. लांबी एक तास, त्रेचाळीस मिनिटं, छप्पन्न सेकंद.

निर्मात्याने पाहिलं. “अहो, हे तर मूळपेक्षा सुटसुटीत!” म्हणाला. शुक्रवारी, एकवीस तारखेला प्रत जायची.

एवढं होऊन घरी आलो तो हिला म्हटलं, आज मन लागत नाहीये. हवा बदलली असेल.

१७ मार्च, सोमवार

भाची आली. आज आवाज चढवला नाही. खुर्ची ओढून समोर बसली.

“मूळ लांबी किती, मामा?”

“एक बावन्न शून्य आठ.” मला सगळं तोंडपाठ असतं.

“मंडळाचे कट मिळून?”

“सहा मिनिटं वीस.”

“मग उरायला हवं एक पंचेचाळीस अठ्ठेचाळीस. निर्माता सांगतो, उरलंय एक त्रेचाळीस छप्पन्न. एक मिनिट बावन्न सेकंद कोणी नेलं?”

मी गालाचं सांगितलं. शांतपणे, शिकवल्यासारखं. थप्पड नाही तर सूज कुठून? बघणारा विचारेल.

“विचारू दे ना!” आता मात्र ती उभी राहिली. “सबंध प्रतीत तेवढी एकच जागा उरली होती, जिथे माणूस विचारेल. मंडळाला जे दिसलं नाही ते तू शोधून काढलंस!”

“मी सांध्यासाठी काढलं.”

“आई दोन महिने विचारतेय, दाराचा प्रसंग आहे ना, ठेवलायस ना. मी तिला काय सांगू? मंडळाने कापला म्हणून सांगू?”

मी म्हटलं, मुळात त्या प्रसंगातच चुका आहेत, आणि चुकीचं काही माझ्या हातून बाहेर जात नाही. घड्याळाचं सांगितलं. साखळीचं सांगितलं.

“साखळी होती, मामा.”

“नव्हती.”

“मी साखळीच्या खालून आत बघत होते. मला फक्त तुझे पाय दिसत होते. पायांत मोजे होते, एकाच्या अंगठ्याला भोक.”

सहा वर्षांच्या पोरीची आठवण! आणि माझ्या मोज्याला भोक! मी संतापून म्हटलं, “याला पुरावा काय?” ती म्हणाली, “पुरावा तू शुक्रवारी पाठवणार नाहीयेस, म्हणून तर आले.” आणि गेली.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी चहा घेताना हिला विचारलं. त्या दिवशी ही घरात होती, तिसरी साक्षीदार.

“काय गं, आपल्या दाराला कधी साखळी होती का?”

“होती की.”

“कडी म्हणत असशील तू.”

“कडी वर, साखळी मधोमध. आपण राहायला आलो तेव्हा माझ्या बाबांनी बसवून दिली होती. ताई गेल्या, त्यानंतर आठवड्याने तुम्हीच काढलीत.”

“गंजली असेल.”

“वर्षाचीसुद्धा नव्हती, अहो. मी म्हटलंही, असू दे, कशाला काढताय. ऐकलं नाहीत. स्क्रूच्या भोकांत भुसा आणि सरस भरलात, घासलंत, वरून रंग दिलात. सगळा रविवार गेला त्यात.”

मी कप ठेवून उठलो. दार तेच आहे. टॉर्च घेतला, चष्मा चढवला, चौकटीवरून नख फिरवलं, वरून खाली, खालून वर. काही म्हणजे काही हाताला लागेना. खोबणी नाही, उंचवटा नाही, रंगात फरक नाही. म्हटलं, बघ, नव्हतीच.

आणि तिथेच थांबलो. कोणाही सुताराने भोक बुजवलं तर ते मला दिसतं. हॉटेलात, दवाखान्यात, कुठेही बसलो तरी दिसतं. जे मला दिसत नाही ते माझ्याच हातचं असणार. एवढं बेमालूम दुसऱ्या कोणाला जमत नाही.

ही मागून म्हणाली, “तुम्ही ‘स्वतः’ म्हणालात की नाही ते मला आठवत नाही. पण जेवढं म्हणालात तेवढं पुरे होतं.”

मी म्हटलं, “मी तिला घरात घेतलं होतं.”

“घेतलंत ना. सकाळी पोचवायलाच.”

१९ मार्च, बुधवार

कामावर गेलो नाही. म्हणजे गेलो, यंत्र चालू केलं नाही. निर्मात्याचे तीन फोन आले. उचलले नाहीत. यादी पाठ झाली आहे तरी पुन्हा वाचली. अकरा कलमं. सगळ्या कलमांखाली कोणाची तरी सही आहे, मान्य असो नसो. माझ्या बाराव्याखाली कोणाचीच नाही.

त्या वेळी घरात दोन खोल्या होत्या, नवीन लग्न होतं, तिचा नवरा माझ्या मालकाच्या ओळखीतला होता. ही कारणं आहेत. खरी आहेत. प्रत्येक सांध्यासाठी असतात तशीच आहेत.

२० मार्च, गुरुवार

प्रसंग परत घातला.

लिहायला तीन शब्द, करायला अख्खा दिवस. कारण प्रसंग आता दोन भगदाडांच्या मध्ये उभा आहे. आधी थप्पड नाही, पिशवी नाही. नंतर बस नाही. सवयीने हात रेडिओचा आवाज पुढे ओढायला गेला, भगदाड झाकायला. मागे घेतला. पुन्हा गेला. मागे घेतला. सत्तावीस वर्षांची खोड आहे, ती डोक्याला विचारून चालत नाही. शेवटी उजवा हात मांडीखाली दाबून डाव्या हाताने काम केलं.

आता असं आहे : नवरा जेवतोय, रेडिओवरची बाई बातम्या सांगतेय आणि एका शब्दाच्या मध्येच तुटते. खाडकन दार. साखळी. सुजलेला गाल. भाऊ बोलतो, दोघींना आत घेतो, कडी लावायला वळतो, तो वळून पुरा व्हायच्या आत घरघर घरघर शिवणयंत्र. बघवत नाही. कोणी नवशिक्याने असं करून आणलं असतं, तर मी त्याला खोलीबाहेर काढला असता. पाच वेळा पाहिलं, पाची वेळा खुर्चीत दचकलो.

भिंतीवरचं घड्याळ मात्र संगणकावर सात दहा केलं. चूक ती चूक.

२१ मार्च, शुक्रवार

प्रत जाण्याआधी निर्मात्याने पाहिली.

“अहो, मध्ये झटका बसतोय.”

“बसतोय.”

“काही राहिलंय का करायचं?”

“नाही. ते तसंच आहे.”

“तुमचं नाव आहे बरं का प्रतीवर. लोक म्हणतील, यांचा हात गेला.”

“म्हणू देत.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टरकडे न जाणाऱ्या माणसाकडे बघतात. एक तास, पंचेचाळीस मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद. प्रत गेली. भाचीला आकडा तेवढा कळवला. तिचं उत्तर : ‘मोजला.’ बाकी काही नाही. मी काय एवढ्यासाठी हात मांडीखाली घेऊन बसलो होतो?

२ एप्रिल, बुधवार

मंजुरी आली. सोबत पत्र : ‘आक्षेपार्ह वस्तू समाधानकारकरीत्या काढल्याची नोंद घेतली आहे.’ मी कुठलीही वस्तू काढलेली नाही. कंगवा, जग, स्वेटर, डबी, कॅलेंडर, सगळं जागच्या जागी आहे. अशा लोकांच्या हातात सिनेमे आहेत. झटक्याबद्दल एक अक्षर नाही. त्यांच्या लेखी कापलेलं दिसणं हा दोषच नसावा. मला मात्र आठवडाभर जेवण गेलेलं नाही.

७ एप्रिल, सोमवार

ताईला फोन करावा म्हणून दोनदा नंबर काढला. तब्येतीचं विचारायचं असं ठरवलं होतं. दोन्ही वेळा तिकडे किती वाजले असतील याचा हिशोब करत बसलो.

१२ एप्रिल, शनिवार

ताईचाच फोन आला. सिनेमा काल लागला. आज दुपारच्या खेळाला गेली होती, एकटी. मुलाला सुट्टी मिळाली नाही. अठ्ठावीस वर्षांत आम्ही दोघं हजार वेळा बोललो असू. मुलांची लग्नं, औषधं, तिच्या सुनेचा स्वभाव. त्या संध्याकाळबद्दल कधीही नाही. मी उभा होतो तो खुर्चीत बसलो.

“चांगला केलाय रे पोरीने,” ताई म्हणाली. “एके ठिकाणी मात्र जोरात उडाला. मला वाटलं, मशीन बिघडलं.”

“मशीन नाही. तो सांधा आहे. माझा.”

“तुझा? इतका वाईट?”

“हो.”

ती हसली. मग म्हणाली, “शेजारी एक बाई बसली होती. ओळख ना पाळख. एकदम माझ्या कानाशी आली, म्हणाली, अहो, आत्ता तर बरी होती, हिचा गाल कसा सुजला?”

“मग?”

“मग काय. सांगितलं मी. कसा सुजला, कशाने सुजला, पिशवीत काय काय भरलं होतं. बसमध्ये का हसू आलं तेही सांगितलं. पुढचा सिनेमा आम्ही दोघींनी धड बघितलाच नाही. पुढच्या रांगेतला एकजण मागे वळून वळून गप्प बसा म्हणत होता.”

मी विचारणार नव्हतो. तोंडातून गेलं. “आणि दारातला माणूस?”

“विचारलं ना तिने. हा कोण म्हणून. मी म्हटलं, भाऊ.”

तिकडे कोणीतरी नळ सोडला, बंद केला.

“मग काय म्हणाली ती?”

“काही नाही,” ताई म्हणाली. “तिलाही एक आहे.”